मजकुराचे डॉक्टर

डॉक्टरसाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते बायकांच्या वॉर्डाच्या पायरीवर बसून शिव्या खात होते. शिव्या देणारी बाई समोर उभी होती. कमरेवर हात, डोईवर घट्ट पदर, तोंडाचा पट्टा चालू. डॉक्टर खाली मान घालून मांडीवरच्या कागदावर खरडत होते. मध्येच त्यांनी हात वर केला.

"सरूबाई, जरा हळू. लिहून घेतोय. 'मुडद्या'च्या पुढं काय म्हणालात?"

"रेड्या," बाई म्हणाल्या.

"रेड्या. हं. पुढं?"

पण शिवी दुसऱ्यांदा सांगायची म्हटलं की तिच्यातला जोर जातो. बाई म्हणाल्या, "राहू द्या. बाकीचं माझं मी लिहीन. तुमचं अक्षर घाण आहे." आणि आत निघून गेल्या. डॉक्टर उठले, शेरवानी झटकली आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "अक्षराचं त्या खरं बोलल्या. तुमचं कसं आहे?"

मी त्या दिवशी कारकून म्हणून रुजू व्हायला आले होते. शहराबाहेरच्या त्या दवाखान्याला सगळं हैदराबाद पागलखाना म्हणायचं. माझे वडील सिकंदराबादला रेल्वेच्या कारखान्यात फिटर. गाव नांदेडकडचं, पण माझा जन्म रेल्वेच्या चाळीतला. घरात मराठी, शाळेत निजामाच्या काळातलं उर्दू, आणि नळावर भांडायला तेलुगू, एवढी माझी विद्या. नोकरी पागलखान्यात लागली म्हटल्यावर आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. "तिथली म्हणून तुला कोण करून घेईल?" एवढंच एकदा म्हणाली. वडील म्हणाले, "सरकारी आहे. पेन्शन आहे." तेवढ्यावर घरातला विषय मिटला.

डॉक्टरांनी माझा हुकूम वाचला नाही. घडी घालून खिशात टाकला. तो मला पुढं कधी परत मिळाला नाही. म्हणाले, "यात कारकून लिहिलंय. तुम्ही कारकून नाही. इथं लिहिणारे पुष्कळ आहेत. वाचणारं कुणी नाही. तुम्ही वाचायचं."

"काय वाचायचं?"

"मजकूर," ते म्हणाले.

रुग्णांनी जे काही लिहिलं त्याला ते मजकूर म्हणत. अर्ज, शेर, हिशेब, शाप, लग्नाच्या पत्रिका, देवाला नोटिसा, सगळा मजकूरच. आणि रुग्णांना ते लेखक म्हणत. आम्ही, म्हणजे डॉक्टर, नर्सबाया, वॉर्डबॉय, स्वयंपाकी, आम्हाला त्यांचा एकच शब्द होता: 'बाकीचे'. "आज लेखकांना खिचडी कमी पडली. बाकीच्यांनी जास्त खाल्लेली दिसते," असं ते भर व्हरांड्यात म्हणायचे.

नवा माणूस दाखल झाला की इतर डॉक्टर नाडी बघत, डोळे ओढून बघत, नातेवाइकांना विचारत. हे त्या माणसासमोर बसत आणि विचारत, "कागद पाहिजे का?" कुणी हो म्हणे, कुणी कागद फाडून टाके, एकानं तर खाल्ला. डॉक्टरांनी त्याला दुसरा दिला. लिहिता न येणारे बरेच होते. त्यांच्याजवळ हे स्वतः बसून लिहून घेत, आणि कान किंवा बोटं शाईनं भरवून घेत, कारण टाक कानामागं खोचायची खोड होती आणि तो तिथं आहे हे विसरून दुसरा टाक शोधायची त्याहून मोठी खोड होती. दुपारपर्यंत दोन्ही कानांवर टाक आणि तिसरा माझ्या मेजावरून चोरलेला, असा त्यांचा अवतार असे. बुटके, रुंद, भालकीच्या पाटलाच्या घरातले. बोलणं बिदरकडचं, त्यात मराठी किती, दख्खनी किती आणि कानडी किती, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

कुणी मजकुराची स्तुती केलेली त्यांना खपत नसे. मर्दाना वॉर्डात एक लेखक होते. त्यांनी बादशहाच्या चरणांवर चार पानं उर्दू लिहिली होती. चरण असे, चरणांची धूळ अशी, चरणांखालची दुनिया तशी. मी वाचून दाखवली आणि म्हणाले, "सुंदर आहे हो."

डॉक्टर भडकले. "सुंदर? मुन्शीबाई, त्याला काय पाहिजे ते कळलं का?"

"बादशहा…"

"चप्पल पाहिजे. चार पानं तो पायांबद्दलच लिहितोय. फरशी किती गार आहे ते बघितलं का तुम्ही?"

त्या लेखकाला चप्पल मिळाली. नंतर त्यांनी बादशहावर एक ओळ लिहिली नाही. डॉक्टर हिरमुसले, कारण ती पानं त्यांनाही आतून आवडत होती. पण कबूल करतील तर शपथ.

त्यांचं वाचन नेहमी बरोबर यायचं असं नाही. एका शांत दिसणाऱ्या, रोज देवनागरीत स्तोत्र उतरवणाऱ्या माणसाबद्दल ते म्हणाले, हा आता घरी जाऊ शकतो. दुसऱ्या दिवशी त्या माणसानं जर्मनचं ताट त्यांच्या तोंडावर हाणलं. पुढचा दात गेला. रक्त पुसत पुसत डॉक्टरांनी त्याचे सगळे कागद काढले, खालीवर केले, दिव्यासमोर धरले. काहीच सापडलं नाही. "स्तोत्र उतरवणारा माणूस स्वतःचं काहीच लिहीत नाही," ते शेवटी बोबडं बोलले. "हे मला आधी कळायला पाहिजे होतं." दात त्यांनी बसवून घेतला नाही. त्यानंतर शिट्टी वाजल्यासारखे 'स' काढत. वॉर्डातली पोरसवदा नर्स त्याची नक्कल करायची, आणि हे दारात उभे राहून ती बघायचे.

कागदाचं सांगायचं राहिलं. दवाखान्याला कागद मोजून मिळायचा, आणि तो यांच्या लेखकांना आठवडाभरही पुरला नसता. पण पोलीस ॲक्शननंतर निजाम सरकारची जुनी कोरी पत्रं, वर शिक्का छापलेली, गठ्ठ्यागठ्ठ्यांनी कचेऱ्यांतून बाहेर पडली होती. आबिड्सच्या दुकानदारांनी ती घेतली, तिथून बेगम बाजारात गेली. किराणावाले त्यात जिरं बांधून देत. डॉक्टर एका जिरेवाल्याकडं गेले आणि त्याला म्हणाले, जुनी वर्तमानपत्रं आणून देतो, ती तुझ्या जिऱ्याला, ही माझ्या माणसांना. जिरेवाला खूश झाला, कारण ते कागद जाड होते, पुडी नीट वळत नसे. तेव्हापासून आमचे लेखक सरकारी शिक्क्याखाली लिहू लागले. दवाखान्याच्या मुख्य साहेबांनी हरकत घेतली. डॉक्टर म्हणाले, "मागच्या कोऱ्या बाजूवर लिहा असं मी त्यांना सांगतो. ऐकत नाहीत. पागल आहेत." हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेवढाच एकदा ऐकला.

त्यातून एक प्रकरण घडलं. मर्दाना वॉर्डात तहसील कचेरीतले एक जुने पेशकार होते. म्हणजे साहेबासमोर कागद मांडणारे. त्यांच्या हिशेबी निजाम सरकार अजून चालू होतं आणि ते स्वतः रजेवर होते. अक्षर मोत्यासारखं, भाषा कचेरीची, एका वाक्यात तीन वेळा 'लिहाजा', म्हणजे आपलं 'सबब'. वॉर्डाचे संडास पार मोडले होते. दुरुस्तीसाठी दवाखान्यानं बांधकाम खात्याला इतक्या चिठ्ठ्या लिहिल्या होत्या की त्यांची वेगळी फाईल झाली होती. पेशकारसाहेबांनी एक दिवस शिक्क्याखाली हुकूम लिहिला: अमुक संडास तमुक मुदतीत दुरुस्त न झाल्यास संबंधितांना हुजुरांसमोर उभं केलं जाईल. तो कागद आमच्या टपालात कसा गेला, मला माहीत नाही. डॉक्टरांना माहीत असावं. आठवड्यात गवंडी आले, विटा आल्या, चुना आला. मुख्य साहेब चक्रावून विचारत फिरले, कुणी मंजूर केलं? डॉक्टर माझ्याकडं वळून म्हणाले, "मुन्शीबाई, यापुढं बांधकाम खात्याशी पेशकारसाहेब बोलतील. आपलं उर्दू कच्चं पडतं."

आता सरूबाई. त्या उदगीरकडच्या एका कुलकर्ण्याच्या घरातल्या. लहानपणीच विधवा झालेल्या. वडील पंतोजी, म्हणून लिहिता येत होतं. दिरांनी इथं आणून सोडलं त्याला एक पिढी होऊन गेली होती. त्यांचा आजार खरा होता. त्यांना वाटे की आपल्या मनात जे येतं ते रोज सकाळी गावच्या चावडीवर मोठ्यानं वाचलं जातं, आणि वाचणारा चुका करतो. म्हणून त्या रोज आदल्या दिवशी सगळं लिहून ठेवायच्या, म्हणजे चावडीवर निदान शुद्ध तरी वाचलं जाईल. मुंगीएवढं अक्षर, दोन शब्दांत जागा नाही, समास नाही. पण एकदा नजर बसली की वाचायला सोपं. मला त्यांचं सगळं वाचता येई.

त्यातलं निम्मं लिखाण डॉक्टरांबद्दल असे. डॉक्टर नाकातून श्वास घेतात. डॉक्टर खोटं हसतात. डॉक्टर मंगळवारपासून चिडके झालेत, घरी काहीतरी असेल, पण घरी कोण आहे त्यांच्या. डॉक्टरांनी या कागदांची एक निराळी फाईल केली होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'माझी तब्येत'. महिन्यातून एकदा ती ते नीट वाचत, गंभीर चेहरा करून. "सरूबाई म्हणतात मी लोकांचं बोलणं अर्ध्यात तोडायला लागलोय. तुम्हाला काय वाटतं?"

"तसं काही…" मी सुरुवात केली.

"नाही, त्या म्हणतात म्हणजे असणार," त्यांनी माझं बोलणं अर्ध्यात तोडलं.

एक दिवस त्या गठ्ठ्यात मला माझ्याबद्दलचं सापडलं. ती महाराची पोर मुन्शीण म्हणून आली आहे, माझ्या माठाला शिवते, चावडीवर कळलं तर काय म्हणतील. मी तो कागद डॉक्टरांच्या मेजावर ठेवला आणि उभी राहिले. काय ऐकायचं होतं मला, कोण जाणे. डॉक्टरांनी वाचला. पुन्हा वाचला. म्हणाले, "हा कुठल्या फायलीत लावू? माझ्या तब्येतीत बसत नाही. त्यांच्या आजाराच्या फायलीत लावला तर खोटं होईल, हा त्यांचा आजार नाही. हा गावाचा आहे. आणि गावाची फाईल आपल्याकडं नाही." कागद त्यांनी माझ्याच हातात परत दिला. "तुमचा आहे. काय करायचं ते करा."

मी तो चुलीत घातला. सरूबाईंशी मी आठ-दहा दिवस बोलले नाही. मग एका सकाळी त्यांनीच विचारलं, "काय गं, तोंड का फुगलंय?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "लिहिलं ते खरंच आहे. पण मी लिहिलं म्हणून तू माठाला शिवायची थांबलीस का?" "नाही," मी म्हणाले. "मग?" त्या म्हणाल्या, आणि कागद मागितला.

त्याच वर्षी दसऱ्याला वडील नागपूरला जाऊन आले. पांढऱ्या कपड्यांत परत आले, आणि आम्ही बौद्ध झालो. मी दवाखान्याच्या मुख्य कचेरीत नोंद बदलायला गेले. तिथला बाबू म्हणाला, राज्य मोडतंय, तेव्हा नवीन राज्याचे नमुने आल्यावर बघू. डॉक्टरांना कळलं. ते तरातरा गेले, नोंदवही ओढली, लाल शाईनं जुनं खोडलं आणि 'बौद्ध' लिहून खाली सही केली. बाबू म्हणाला, "ऐसा नहीं होता, साब." डॉक्टर म्हणाले, "हो गया."

मग राज्य खरंच मोडलं. मराठी जिल्हे मुंबईकडं, कानडी म्हैसूरकडं, तेलुगू आंध्राकडं. शहरभर वाटण्या सुरू झाल्या. कचेऱ्यांतली कपाटं, टाइपरायटर, पोलिसांचे घोडे, सगळं वाटलं जात होतं. आमच्याकडं वाटणीचे साहेब आले तेव्हा डॉक्टर अंघोळ करून, नवी शेरवानी घालून बसले होते, जणू मुलगी बघायला पाहुणे येणार.

साहेब सभ्य होते. जुन्या उर्दू शाळेतले, घरी तेलुगू बोलणारे. त्यांनी यादी वाचली. मराठवाड्यातले रुग्ण मुंबई राज्याच्या दवाखान्यात जातील, त्यांची कागदपत्रं बरोबर जातील. कानडी तसेच. हे ठीकच होतं. मग त्यांनी लेखकांचे कागद ठेवलेली दोन कपाटं उघडली.

"हे काय आहे?"

"मजकूर," डॉक्टर म्हणाले.

साहेबांनी वरचा कागद घेतला. त्याची सुरुवात उर्दूत होती, मधला भाग मराठीत आणि शेवट तेलुगूत. त्यांनी चष्मा लावला, काढला. "हा कुठल्या राज्याचा?"

डॉक्टरांनी मेजावरची कात्री उचलून त्यांच्यासमोर ठेवली. "आपण ठरवा. मी धरतो."

साहेब हसले नाहीत. त्यांनी शेरा लिहिला की हे दप्तर नाही, रद्दी आहे, निकालात काढावं. दोन आठवड्यांची मुदत दिली.

त्या दोन आठवड्यांत मी डॉक्टरांना जेवताना पाहिलं नाही. ते सायकलवर शहर पालथं घालत होते. शेवटी त्यांना एक हकीमसाहेब सापडले. शहरात नुकतंच वैद्यकाच्या इतिहासाचं एक दप्तर उघडलं होतं, तिथं ते जुन्या युनानी पोथ्या गोळा करत. वाळ्याच्या अत्तराचा वास, दाढी पांढरीशुभ्र, ऐकू कमी. त्यांनी दोन दिवस आमच्या कपाटांसमोर बसून वाचलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मियाँ, आमच्याकडच्या पोथ्यांत हजार वर्षं वैद्यच बोलतोय. रोगी बोललेला मी पहिल्यांदा वाचतोय. द्या."

आम्ही सुटलो असं मला वाटलं. पण डॉक्टर म्हणाले, "थांबा. लेखकांना विचारलं पाहिजे."

"कुणाला?" हकीमसाहेबांनी कानामागं हात धरला.

"ज्यांनी लिहिलंय त्यांना. माल त्यांचा आहे."

मुख्य साहेब म्हणाले की वेड्याची सही कायद्यात चालत नाही. डॉक्टर म्हणाले, "नाही चालत. पण न विचारता नेलेलं मला चालत नाही." आणि मुदतीचे उरलेले दिवस त्यांनी यातच घालवले. रद्दीवाला फाटकाशी येऊन ठेपला होता, आणि हे गृहस्थ खाटेखाटेपाशी जाऊन विचारत होते, "तुमचा मजकूर एका ठिकाणी ठेवणार आहेत. लोक पुढं वाचतील. चालेल का?"

पेशकारसाहेबांनी रीतसर मंजुरी दिली, नक्कल स्वतःकडं ठेवण्याच्या अटीवर. चप्पलवाल्या लेखकांनी चार पानं दुरुस्तीला परत मागितली आणि चरणांच्या जागी दुसरं काहीतरी घालून दिली. एक बाई नको म्हणाल्या. मुलाबद्दल लिहिलेलं होतं त्यांनी. डॉक्टरांनी त्यांचे कागद परत केले. त्यांनी ते अंगणात जाळले, आणि आम्ही दोघं जळेपर्यंत शेजारी उभे राहिलो. सगळ्या गठ्ठ्यातला तो सगळ्यात चांगला मजकूर होता. डॉक्टरांचा चेहरा बघवत नव्हता, पण हात त्यांनी पाठीमागंच ठेवले.

सरूबाई शेवटी राहिल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कागद कुठं राहणार?"

"इथंच, हैदराबादेत."

"आणि मी?"

उदगीर मुंबई राज्यात गेलं होतं. सरूबाईंचं नाव पुढच्या आठवड्यातल्या गाडीच्या यादीत होतं. दूर कुठल्या तरी दवाखान्यात, जिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. गावात आता ना दीर उरले होते, ना घर.

"मग नाही देत," सरूबाई म्हणाल्या. "चावडीवर वाचणारा चुकतो. तिथं बसून मी कुणाकुणाला सुधारणार?"

डॉक्टर उठून आले आणि वाटणीच्या साहेबांना चिठ्ठी लिहिली. मराठी मजकुराचा मोठा भाग एका लेखिकेचा असून तिचं अक्षर तिच्याशिवाय कुणालाही लागत नाही, सबब दप्तराच्या वाचनासाठी तिला इथंच ठेवणं भाग आहे. खाली हकीमसाहेबांची सही घेतली. हकीमसाहेबांना मराठी येत नव्हतं आणि ऐकू येत नव्हतं, तेव्हा त्यांना खोटं बोलावं लागलं नाही.

साहेब दुसऱ्याच दिवशी आले. यादीतलं नाव काढायचं म्हणजे लहान गोष्ट नव्हती. त्यांनी सरूबाईंच्या गठ्ठ्यातला एक कागद ओढला आणि सरळ माझ्यासमोर धरला. "तुम्ही मराठी कारकून ना? वाचा."

कागद दोन आठवड्यांपूर्वीचा होता. साहेबांच्याच भेटीचा. 'आज वाटणी करणारा आला. गाढव दिसतो पण गाढव नाही, घाबरलेला आहे. कानांत केस आहेत. बायकोनं सकाळी बोललेलं दिसतंय.' अक्षर न् अक्षर मला लागत होतं. मी साहेबांच्या कानांकडं बघू नये म्हणून कागदाकडं बघत राहिले. डॉक्टर खिडकीपाशी होते. त्यांनी मला काही सांगितलेलं नव्हतं. माझ्याकडं बघतही नव्हते.

मला माठ आठवला. 'मग?' आठवलं.

"नाही साहेब," मी म्हणाले. "एक अक्षर लागत नाही."

"एकही नाही?"

"मुंग्या आहेत साहेब."

साहेबांनी कागद उलटा धरून पाहिला. मग सरूबाईंना बोलावलं आणि म्हणाले, "वाचा." सरूबाईंनी कागद घेतला, साहेबांच्या तोंडाकडं पाहिलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "आज साहेब आले. फार सज्जन माणूस." एवढं वाचून कागद परत दिला. मी ते साहेबांना उर्दूत सांगितलं. साहेबांनी यादीवरचं नाव खोडलं.

ते गेल्यावर डॉक्टर खिडकीतून न वळता म्हणाले, "मुन्शीबाई, डोळे तपासून घ्या."

"हो," मी म्हणाले.

"आणि सरूबाई, मजकुरात फेरफार करू नका."

"तुम्ही नाकातून श्वास घेऊ नका," सरूबाई म्हणाल्या.

कपाटं हकीमसाहेबांच्या दप्तरात गेली, सरूबाई राहिल्या. मात्र डॉक्टरांचं स्वतःचं काही जमलं नाही. नोकरांचीही वाटणी चालली होती, आणि भालकी म्हैसूरकडं गेलेली. त्यांना विचारलेल्या रकान्यात मातृभाषा म्हणून त्यांनी तीन भाषा लिहिल्या होत्या. उत्तर आलं, एक लिहा. त्यांनी तिघींची नावं पुन्हा लिहिली, यावेळी ठळक. पेशकारसाहेबांनी न विचारता शिक्क्याखाली हुकूम काढला की सदर डॉक्टर यांस हैदराबादेतून हलवू नये. या खेपेला गवंडी आले नाहीत. कागद परत आला, वर लिहिलं होतं: सदर सरकार अस्तित्वात नाही. पेशकारसाहेबांनी ते वाचलं, उजेडाकडं धरलं आणि म्हणाले, "दस्तखत जाली है." सही खोटी आहे. डॉक्टरांनी त्यांच्याशी वाद घातला नाही.

बदलीचा हुकूम आला त्या आठवड्यात ते फार वाईट वागले. नर्सला ओरडले, माझी पेन्सिल मोडली, मुख्य साहेबांच्या निरोपाच्या चहाला गेलेच नाहीत. शेवटच्या दुपारी सरूबाईंच्या खाटेशी जाऊन बसले आणि म्हणाले, "सरूबाई, बघा जरा. बरा झालोय का मी?"

सरूबाईंनी त्यांना जीभ दाखवायला लावली. त्यांनी दाखवली. डोळे बघितले. "नाही," त्या म्हणाल्या. "पण जा. इथं ठेवूनही काही उपयोग नव्हता." डॉक्टर हसले, त्या गेलेल्या दाताच्या फटीतून, आणि सामान घ्यायला गेले. फाटकाशी मी उभी होते. म्हणाले, "वाचत जा." टांग्यात बसताना माझा टाक त्यांच्या कानामागं होता. मी मागितला नाही.

नव्या राज्यात ते तीन-चार वर्षं राहिले. तिथंही कागद वाटायला लागले आणि तिथल्या वरिष्ठांशी त्यांचं पटलं नाही, असं कानावर आलं. आमच्याकडं नवे डॉक्टर आले. ते नाडी बघत. चांगले होते. मी माझ्या घरचे, लग्नाचे, बाळंतपणाचे दिवस सांभाळून नोकरी करत राहिले, आणि सुट्टीच्या दिवशी कधीमधी सरूबाईंना हकीमसाहेबांकडं घेऊन जात असे. तिथं त्या वाचत आणि मी उतरवून घेत असे. अक्षर मला अजूनही लागत नाही, असंच आम्ही दोघी धरून चाललो होतो.

मग एका हिवाळ्यात बिदरहून आलेल्या वॉर्डबॉयनं सांगितलं की डॉक्टरसाहेब गेले. झोपेतच. वॉर्डात सांगू नका, लोक बिघडतील, असं मुख्य साहेब म्हणाले. मी सांगितलं. एकटीला सांगितलं.

सरूबाई भिंतीशी बसून लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "कुठल्या राज्यात?" त्यांनी विचारलं.

"म्हैसूर."

"मग आपल्याला सुतक नाही," त्या म्हणाल्या. "ते राज्य वेगळं."

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी चालू ओळ पुरी केली, कागद घडी घालून उशीखाली ठेवला, आणि उठून मोरीत गेल्या. हवेत गारठा होता आणि बंबात पाणी तापलेलं नव्हतं. डोक्यावरून पाणी ओतल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला, एक तांब्या, मग दुसरा, मग बराच वेळ थांबून आणखी एक. त्या ओल्याच पातळानं मागच्या अंगणात आल्या आणि उन्हात पायरीवर बसल्या. दुपारी ताट आलं, ते त्यांनी परत पाठवलं. मीही डबा उघडला नाही. केस वाळेपर्यंत आम्ही तिथंच बसलो.